मुक्त ज्ञानकोशांतील लेखनाचे नियम व आपला शेतकरी

महाजालावरील विकिपीडिया नांवाचा ज्ञानकोश आमच्या बहुतेक वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. पुष्कळांच्या हातांतील फोनवर तो रोज उघडलाही जात असेल. परंतु तो लिहितो कोण, आणि त्यांत आपणांस लिहावयाचें झाल्यास कोणत्या शिस्तीनें लिहावें, हें माहीत असलेले थोडे. आम्हीं त्या कामीं कांहीं काळ उमेदवारी केली. नियम वाचून जितके कळले त्यापेक्षां चुका करून अधिक कळले, म्हणून चुकांसह ती हकीकत येथें देत आहों.

हा कोश जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं इंग्रजींत १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू केला. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ पासूनची. खर्च विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था लोकांच्या देणग्यांतून भागविते. लिहिणारे सर्व बिनवेतनी. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनीं ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, आणि पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखालीं वाईस मराठी विश्वकोशाचें काम झालें. त्या दोन्ही ठिकाणीं लेखक कोण असावा हें संपादक ठरवीत असत. येथें तसें नाहीं. खातें उघडलें कीं कोणीही लिहावें. पदवी कोणी विचारीत नाहीं, सातबारा तर नाहींच नाहीं. जेथें माणसाची पारख करावयाची नाहीं तेथें लिखाणाचीच पारख करावी लागते, आणि संपादकाचें काम नियमांकडे जातें. हें आरंभींच ध्यानांत घेतलें असतें तर आमचा पहिला महिना रागांत गेला नसता.

झालें तें असें. रब्बी ज्वारीविषयीं लिहितांना आम्हीं एक वाक्य घातलें कीं, काळ्या जमिनींत तीन कोळपण्या दिल्यास उत्पन्न दीडपट होतें. आमच्या शेतांतील अनुभव तसा होता व आहे. दुसऱ्या दिवशीं वाक्यापुढें ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागली. आम्हीं ती खूण काढून टाकली. मग वाक्यच गेलें. तें आम्हीं पुन्हा घातलें, तें पुन्हा गेलें. आणि ज्यानें काढलें त्यानें लेखाच्या चर्चापानावर अत्यंत सभ्यपणें विचारलें कीं, हें कोठें छापलें आहे? शेतांत उभें राहून पाहिलेल्या गोष्टीस छापील कागदाचा दाखला मागणाऱ्याचा आम्हांस प्रथम संताप आला, हें कबूल केलें पाहिजे.

पण नियम शांतपणें वाचल्यावर उमगलें कीं, तुमचें म्हणणें खोटें आहे असें येथें कोणी म्हणत नाहीं. प्रश्न वाचणाराचा आहे. नागपुरास किंवा बेळगांवास बसून तें वाक्य वाचणारास आमचें शेत दिसत नाहीं, आम्ही कोण हेंही कळत नाहीं. मग त्यानें तें पडताळून पहावें कसें? म्हणून पहिला नियम असा कीं, जें लिहावयाचें तें विश्वसनीय प्रकाशित साधनांतून पडताळतां आलें पाहिजे. दुसरा त्याचाच जोडभाऊ: आपलें स्वतःचें संशोधन, अनुभव किंवा अनुमान येथें प्रथमच प्रसिद्ध करावयाचें नाहीं. तिसरा नियम तटस्थतेचा. ज्या बाबतींत जाणत्यांमध्यें मतभेद आहे, तेथें कोणाचें मत काय आहे तें सांगावें, आणि ज्या मतास जितका आधार असेल तितकीच जागा त्यास द्यावी. रासायनिक खत व सेंद्रिय खत हा वाद घ्या. दोन्ही पक्षांचे अभिमानी आपल्या संस्थेंतच आहेत. त्यांपैकीं एकानें लिहिलेला लेख दुसऱ्यानें वाचून ‘माझी बाजू बरोबर मांडली आहे’ असें म्हटलें, तर तो तटस्थ समजावा. हें लिहून पाहिल्याखेरीज किती अवघड आहे तें कळत नाहीं.

मग आम्हीं कृषि विद्यापीठाच्या छापील पुस्तकांत शोध केला. कोळपणीनें भेगा बुजतात, वरची माती भुसभुशीत होऊन खालची ओल टिकते, एवढें तेथें स्पष्ट मिळालें. दीडपटीचा आंकडा मिळाला नाहीं. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी’ ही म्हण आपल्याकडे पोराटोरांच्या तोंडीं आहे, परंतु म्हण ही म्हण म्हणूनच नोंदतां येते, मोजमाप म्हणून नाहीं. आम्हीं ओलीचें वाक्य आधारासह ठेवलें, आंकडा सोडला. तें वाक्य अद्याप जागेवर आहे.

वाक्य वारंवार मागें घालण्याच्या खोडीविषयीं येथेंच सांगतों. प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ राखलेला असतो. कोणीं, केव्हां, कोणता शब्द बदलला हें तेथें कायम राहतें व जुनी प्रत एका कळीनें परत आणतां येते. त्यामुळें नासधूस फार काळ टिकत नाहीं, पण हट्टी माणसांची ओढाताणही त्याच कळीनें चालते. इंग्रजी कोशांत एका पानावर २४ तासांत तीनांहून अधिक वेळां दुसऱ्याचें काम उलटविल्यास लिहिण्यास बंदी होऊं शकते. बांधावरून भांडण्याऐवजीं चावडीवर यावें, असा हा प्रकार. आणि मराठी आवृत्तींत सर्वसामान्य चर्चेच्या जागेस खरोखरच ‘चावडी’ असें नांव आहे. नवशिक्यानें हात बसविण्यासाठीं जें पान असतें त्यास ‘धूळपाटी’ म्हणतात. ज्यांचे आजोबा धूळपाटीवर अक्षर गिरवून शिकले त्यांस तें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आमची दुसरी चूक अधिक घातक होती. जुन्या मुंबई इलाख्यांतील एका छापील अहवालांत पिकाचें उत्पन्न मणांत दिलेलें होतें. साधा हिशेब करून माप बदलणें हें स्वतःचें संशोधन समजत नाहींत, म्हणून आम्हीं मोठ्या उत्साहानें त्याचे किलो करून टाकले; पण मण धरला तो ८२ पौंडांचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, आणि ८२ पौंडांहून किंचित् अधिक भरणारा तो बंगालचा. उदाहरणार्थ, एकरीं १२ मण असें कोठें लिहिलें असेल, तर मुंबईच्या मापानें ते ३३६ पौंड, म्हणजे हेक्टरीं सुमारें ३७७ किलो. बंगालच्या मापानें ९८७ पौंड, म्हणजे हेक्टरीं सुमारें १,१०७ किलो. जवळजवळ तिप्पट! असा आंकडा वाचून कोणी तरुण म्हणेल कीं, आजोबांच्या वेळीं विनाखताचें एवढें पिकत होतें, मग आम्हीं खत कां घालावें? आमची चूक एका अनोळखी वाचकानें चर्चापानावर दाखविली. त्यानें एवढेंच विचारलें, “हा मण कोणता?” तेव्हांपासून जुन्या पुस्तकांतील मण, खंडी, बिघा हीं मापें दिसलीं कीं, त्या पुस्तकानेंच त्यांचा अर्थ दिला आहे किंवा नाहीं हें आम्ही प्रथम पाहतों. दिलेला नसेल तर मूळ माप तसेंच ठेवतों.

तिसरी चूक थोडक्यांत सांगतों. एका माहितीपत्रकांतील चार परिच्छेद आम्हीं शब्दशः उतरून काढले व खालीं त्याचें नांव दिलें. नांव दिलें म्हणजे झालें, असा आमचा समज. ते परिच्छेद तत्काळ काढले गेले व आम्हांस ताकीद मिळाली. ती योग्यच होती. माहिती कोणाच्या मालकीची नसते, पण तिची शब्दरचना असते. आपल्या देशाच्या कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याचा हक्क राहतो. केतकरांच्या लिखाणावरील हक्क केव्हांच संपला, कालच्या माहितीपत्रकावरील नाहीं. पुस्तक वाचावें, मिटावें, आणि आपल्या शब्दांत लिहावें.

आपल्या संस्थेवर लेख लिहिण्याची सूचना आम्हांस दोन सभासदांनीं केली होती. ती आम्हीं मानली नाहीं. ज्या विषयांत आपला हितसंबंध आहे त्यावर आपणच लिहूं नये, असा संकेत आहे. शिवाय संस्थेविषयीं त्रयस्थांनीं पुरेसें लिहिलेलें नसेल तर स्वतंत्र लेखास ती पात्रच ठरत नाहीं. बियाणें व औषधें विकणाऱ्यांसही हेंच लागू. औषधांचें प्रमाण, फवारणीची वेळ असल्या गोष्टी ज्ञानकोशांत शोधूंही नयेत. तो उपयोगाची पुस्तिका नव्हे, आणि एखाद्यानें रात्रीं १० मिलिलिटरचे १०० केले तर सकाळीं तें दुरुस्त होण्यापूर्वीं कोणाचा तरी पंप भरलेला असेल. त्यासाठीं डब्यावरील पत्रक व कृषि अधिकारी हेच विचारावेत.

मग शेतकऱ्यानें तेथें करावें तरी काय? अनुभव चालत नाहीं, म्हणून तो वायां गेला असें नव्हे. तो आधीं योग्य ठिकाणीं छापला गेला पाहिजे. या मासिकाकडे येणाऱ्या अनुभवपत्रांत गांव, जमिनीचा प्रकार, वर्ष, पाऊस, क्षेत्र व वजन हीं सहा कलमें नसतात. ‘पीक उत्तम आलें’ एवढेंच असतें. तीं कलमें असतील व आम्हीं तीं तपासून छापलीं, तर उद्यां एखाद्या त्रयस्थास ‘अमुक मासिकांतील नोंदीप्रमाणें’ असें म्हणून त्यांचा उल्लेख तरी करतां येईल. सिद्धांत म्हणून नव्हे, आणि आम्हीं स्वतः तर नव्हेच.

छायाचित्रांची गोष्ट मात्र निराळी. स्वतः काढलेलें चित्र चालतें, किंबहुना तेंच हवें असतें. तीं २००४ सालीं सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्स या भांडारांत ठेवतात. तेथें दिलेलें चित्र नांवाच्या उल्लेखासह कोणीही वापरूं शकतो, व्यापारीसुद्धां. आणि एकदां दिलेली परवानगी परत घेतां येत नाहीं, हें समजून द्यावें. जुनीं आउतें गोठ्याच्या आढ्याला टांगलेलीं आहेत तोंवर तीं टिपून ठेवण्यासारखीं आहेत. आम्हीं आमच्या घरच्या तिफणीचें चित्र तेथें दिलें आहे. चाडें, नळ्या व फण स्वच्छ दिसतील अशा बेतानें सकाळच्या उन्हांत काढलें, आणि खालीं जिल्हा व बाभळीचें लाकूड एवढेंच लिहिलें. ही तिफण शंभर वर्षांची आहे असें आमचे चुलते सांगतात. तें लिहिलें नाहीं.