वडिलार्जित घर विकताना आधी घरफाळ्याचा हिशेब

मंगळवार पेठेतलं जुनं घर, उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, मुलं-नातवंडं पुण्या-मुंबईला आणि घरफाळा कित्येक वर्षं थकलेला. पेठेतली जागा म्हटल्यावर गिऱ्हाईक मिळतं. व्यवहार अडतो तो थकबाकीपाशी.

कायद्याने घरफाळ्याचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो. मालक वारले म्हणून तो फिटत नाही आणि घर विकलं तरी घराबरोबर पुढे जातो. म्हणून घेणारा तेवढी रक्कम भावातून कापून मागणारच. मुदतीत न भरलेल्या करावर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. समजा मूळ थकबाकी 60,000 आहे, तर महिन्याला 1,200 आणि वर्षाला 14,400 रुपये. वाटणीचं बोलणं दोन वर्षं रेंगाळलं, तर 28,800 रुपये सगळ्यांच्याच वाट्यातून गेले.

त्यामुळे माझा आग्रह असा, की वारसांपैकी कुणीतरी एकाने घरफाळा आधी भरून टाकावा. त्यासाठी घर आपल्या नावावर असावं लागत नाही, आणि भरला म्हणून घर एकट्याचं होत नाही. पावती जपावी, वाटणीच्या वेळी रक्कम वळती करून घ्यावी. हाताशी पैसे नसतील तर संचकाराच्या रकमेतून घेणाऱ्याने थेट महापालिकेत भरणा करावा, अशी अट संचकारपत्रात घालावी. त्याआधी मूळ कर आणि शास्ती वेगळी दाखवणारा हिशेब मागून घ्या. महापालिका अधूनमधून दंडात सवलत देते. ती चालू असेल तर जरूर घ्या, पण तिची वाट पाहत थांबू नका. पाणीपट्टीही तपासा.

घरफाळ्याच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या वारसांची नोंद करावी लागते. त्यात बहिणीही आल्या. त्यांतल्या कुणी हक्क सोडणार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. वडिलार्जित घरातला हक्क भावाला सोडताना या पत्राला मुद्रांक फक्त 500 रुपयांचा लागतो. ऑक्टोबर 2024 पूर्वी तो 200 होता. कागद इतका स्वस्त आहे म्हणून बहिणीकडून घाईने सही घेऊ नये. घर विकून तिचा वाटा तिच्या हाती देणं हाच सरळ मार्ग.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी रिवाजाने घेणारा भरतो. विकणाऱ्याला भरावा लागतो तो नफ्यावरचा आयकर. वारशाने 23 जुलै 2024 पूर्वी आलेल्या घराला 12.5 टक्के, किंवा महागाई निर्देशांक धरून 20 टक्के, यांतला कमी पडेल तो कर. घर 2001 पूर्वीचं असेल तर 1 एप्रिल 2001 चं मूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, तेव्हा नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला काढून ठेवा. भाव 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा 1 टक्का कर कापून देईल.

खरेदीपत्र झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला हस्तांतराची लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. सूचना दिली नाही, तर पुढच्या घरफाळ्याची मागणी तुमच्याच नावावर येत राहते.