स्पोर्ट्स कारवालं गिऱ्हाईक ०डब्ल्यू-२० मागतं, तेव्हा काउंटरवर काय विचारायचं?

ऑइल आणि स्पेअर पार्टच्या दुकानाच्या व्हिडिओत एक विषय वेळेअभावी राहिला होता, तो आज लिहूनच देतो. विषय आहे स्पोर्ट्स कारसाठी लागणारं पातळ सिंथेटिक इंजिन ऑइल.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आल्यात स्पोर्ट्स कार? खरंय. पण पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरात किंवा हायवेला लागून दुकान टाकलंत, तर कधीतरी एखादी मस्टँग नाहीतर पोर्शे दारात उभी राहणारच. त्या गाडीच्या इंजिनचं काम लाखांत जातं आणि तुमचा ऑइलमधला नफा असतो काहीशे रुपये. म्हणून ही विक्री समजून करायची.

आधी आकडा वाचायला शिका. ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. ०डब्ल्यू ऑइलमध्ये गार इंजिन फिरतं का, याची चाचणी उणे ३५ अंशाला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा आपण याच्या जवळपास जात नाही. म्हणजे आपल्याकडे ० की ५ यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा खेळ दुसऱ्या आकड्याचा आहे. १०० अंश सेल्सिअसला २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असतं, ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५ आणि ४० चं १२.५ ते १६.३.

याहून महत्त्वाचा एक आकडा बाटलीवर सहसा छापलेला नसतो, तो म्हणजे एचटीएचएस. १५० अंशाला, जोरात घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं याचं हे माप. २० ग्रेडला ते किमान २.६ लागतं, ३० ला २.९ आणि ०डब्ल्यू-४० ला ३.५. क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू नये म्हणून जो पातळ थर असतो, त्याचा भरवसा याच्यावर. ऑइल कंपनीच्या डेटा शीटमध्ये हा आकडा बहुतेक वेळा मिळतो. जी ग्रेड दुकानात ठेवाल तिची शीट मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता गिऱ्हाईक म्हणेल, "पातळ ऑइलने गाडी जास्त पळते." आणि मिस्त्री म्हणेल, "दादा, जाडच टाका, इंजिन टिकेल." दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. पातळ ऑइलने आतलं घर्षण कमी होतं, पेट्रोल थोडं वाचतं. कंपन्या पातळ ऑइलकडे वळल्या त्याचं मोठं कारण सरकारी मायलेज नियम. आपल्याकडेही कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनाचे नियम २०१७ पासून आले आणि २०२२ पासून कडक झाले. त्यामुळे मारुतीच्या साध्या हॅचबॅकलाही आज ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं दिसतं. मिस्त्रीचं म्हणाल, तर इंजिनची फटी, ऑइल पंप आणि ऑइलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग हे सगळं ठरावीक ग्रेड धरून बनवलेलं असतं. उगाच जाड ओतलं की तेही बिघडतं.

मग ठरवायचं कसं? गाडी कशी चालणार यावरून, आणि ठरवणार गाडी बनवणारी कंपनी. फोर्डचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ५ लिटर व्ही-८ च्या मस्टँग जीटीला बरीच वर्षं ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन २०१२-१३ च्या बॉस ३०२ मध्ये ट्रॅकवर पळवण्यासाठी बसवलं, तिथे फोर्डनेच ५डब्ल्यू-५० लिहिलं. शेवरलेने कॉर्व्हेटला आधी ५डब्ल्यू-३० दिलं आणि २०१९ च्या मॉडेलपासून ०डब्ल्यू-४० केलं. टोयोटाच्या कित्येक मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सांगून पुढे असंही लिहिलेलं असतं, की खूप वेगात किंवा जास्त लोडवर गाडी चालत असेल तर जाड ग्रेड जास्त योग्य ठरू शकते. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न: शेठ, गाडी रोज ऑफिसला जाते, की कोइम्बतूर किंवा नोएडाच्या ट्रॅकवर? ट्रॅकवर जात असेल तर मॅन्युअलमधलं ते पान त्याच्याकडूनच काढून घ्या. आपण अंदाजाने ग्रेड बदलायची नाही.

दुसरा मुद्दा नवीन दुकानदारांना सगळ्यात जास्त नडतो. ०डब्ल्यू-२० हे फक्त माप आहे, जसं शर्टाला ४० नंबर. कापड कुठलं, ते त्यावरून कळत नाही. एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६ लिहिलेलं ०डब्ल्यू-२० जपानी गाडीला चालेल. पण फोक्सवॅगनला ५०८ ००, पोर्शेला सी२०, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-१७ एफई+ अशी मान्यता लागत असेल, तर तेच ऑइल तिथे चालणार नाही, भले दोन्हींवर ०डब्ल्यू-२० असो. उलट बाजूनेही तेच. ५०८ ०० हे जुन्या फोक्सवॅगन इंजिनांत सरसकट ओतायचं नसतं. बाटलीच्या मागचे शब्दही नीट वाचा. 'अप्रूव्हल' म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली. 'मीट्स' किंवा 'सूटेबल फॉर' म्हणजे ऑइलवाला स्वतः म्हणतोय. महागड्या गाडीला पहिलंच द्या.

आता पैशाचं बोलू, कारण दुकान त्यावर चालतं. समजा खास मान्यतेचं ऑइल तुम्हाला १,२०० रुपये लिटरने पडतं. चार प्रकार, प्रत्येकी १२ लिटर, म्हणजे ५७,६०० रुपये रॅकवर अडकले. तेच पैसे समजा ४०० रुपये लिटरच्या साध्या ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ मध्ये घातले तर १४४ लिटर येतं, साधारण ४० हॅचबॅकचं काम. शोभेसाठी महागड्या बाटल्या मांडणारी दुकानं मी पाहिलीत, बाटल्यांवर धूळ आणि डोक्यावर डिस्ट्रिब्युटरची उधारी. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाड्यांचं पातळ ऑइल स्टॉकला ठेवा, स्पोर्ट्स कारचं निम्मा ॲडव्हान्स घेऊन मागवा. असं गिऱ्हाईक एक दिवस थांबतं, त्याला खात्रीचा माल हवा असतो.

मागवताना किती लिटर, ते फिल्टर धरून विचारा. २०१८ नंतरच्या मस्टँग जीटीला साधारण साडेनऊ लिटर लागतं. चार लिटरचे दोन कॅन दिलेत तर दीड लिटर कमी पडेल आणि संध्याकाळी गॅरेजमधून फोन येईल.

माल अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून पक्क्या बिलावरच घ्या. रिकामे कॅन भंगारात जातात आणि काही ठिकाणी परत भरून येतात, म्हणून आपल्याकडचे रिकामे कॅन भोक पाडूनच द्या.

आणि काउंटरवर एक वाक्य बंद करा: "घ्या बिनधास्त, माझी गॅरंटी." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, कंपनीने न दिलेली हमी विक्रेत्याने स्वतः दिली आणि माल तसा निघाला नाही, तर विक्रेताही नुकसानभरपाईत अडकू शकतो. त्यापेक्षा बिलावर गाडीचं मॉडेल, वर्ष, किलोमीटर, मॅन्युअलमधली ग्रेड व मान्यता आणि बॅच नंबर लिहा, त्या मॅन्युअलच्या पानाचा फोटो गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या ऑइल चेंजला तेच गिऱ्हाईक फोनवर "मागच्या वेळचंच पाठवा" म्हणालं, की तुम्हाला परत काही विचारावं लागत नाही.