तिकिटाचा दंड आणि विम्याचा हप्ता

कॅलिफोर्नियात नव्याने आलेली आपली बरीच माणसं वेगमर्यादा ओलांडल्याचं पहिलं तिकीट मिळालं की ऑनलाइन पैसे भरून मोकळी होतात. महाराष्ट्रात ते चालून जातं. तिथे ई-चलान भरलं किंवा लोकअदालतीत तडजोड झाली की विषय मिटतो. विम्याच्या हप्त्यात सवलत देणारा नो क्लेम बोनसही ठरतो तो तुम्ही दावा केलात की नाही यावर, चलानावर नाही. कॅलिफोर्नियात मात्र मुकाट्याने दंड भरणं म्हणजे दोष मान्य करणं. ती नोंद डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, जाते आणि तुमच्या नावावर एक पॉइंट चढतो; ताशी 100 मैलांच्या वर गेलात तर दोन.

खरा खर्च इथून सुरू होतो. 1988 साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 103 नुसार हप्ता ठरवताना गाडी चालवण्याचा पूर्वेतिहास सर्वांत आधी पाहावा लागतो. त्याच कायद्याने चांगल्या चालकाला किमान 20 टक्के सवलत दिली आहे, पण तीन वर्षांत एकाहून जास्त पॉइंट झाले की ती जाते. 2000 डॉलरचा हप्ता सवलतीमुळे 1600 होत असेल, तर सवलत गेल्यावर तो पुन्हा 2000 होतो. म्हणजे वाढ 25 टक्क्यांची, आणि सवलत परत मिळेपर्यंत तो वाढीव हप्ता दरवर्षी भरावा लागतो. मग पहिल्या पॉइंटची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. सवलत टिकली तरी मूळ दर वाढू शकतो, शिवाय स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघाताचाही पॉइंट लागतो. कंपनी बदलूनही सुटका नाही, कारण नवी कंपनी तीच नोंद मागवते. वाढ दिसते ती नूतनीकरणाच्या वेळी, त्यामुळे अनेकांना ती महागाईच वाटते.

यावर कायद्यानेच दिलेला उपाय म्हणजे ट्रॅफिक स्कूल. पात्र असाल तर 18 महिन्यांतून एकदा तो अभ्यासक्रम करता येतो आणि तो पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. ही पळवाट असल्याचा आक्षेप मला पटत नाही. दंड पूर्ण भरावाच लागतो, वर कोर्टाचं आणि शाळेचं शुल्क असतं, आणि लगेच दुसरं तिकीट आलं तर ही सोय मिळत नाही. तिकीट चुकीचं वाटत असेल तर लेखी निवेदनावर सुनावणी मागण्याची तरतूदही आहे. म्हणून तिकिटावरची मुदत टळू देऊ नका, आणि पैसे भरण्याआधी ट्रॅफिक स्कूलसाठी आपण पात्र आहोत का हे कोर्टाकडून नक्की करून घ्या.