खरेदीच्या प्रवासात फोनची राखण

कापडाच्या बाजारात रोख रकमेला ‘जोखीम’ म्हणतात. पूर्वी उपनगरातील दुकानदार खरेदीला निघाला की घरातून एकच ताकीद असे : जोखीम सांभाळा. अंधेरी-बोरिवलीचे व्यापारी सुरतेची गाडी पकडीत, घाटकोपर-मुलुंडचे भिवंडी किंवा मालेगावची वाट धरीत, कोणी इचलकरंजीच्या बसमध्ये रात्र काढी. पैसे कमरेच्या कशात किंवा बंडीच्या आतल्या खिशात असत. झोप लागली तरी हात तेथेच असे.

आज ती जोखीम फोनमध्ये गेली आहे. केवळ रक्कमच नव्हे, तर उधारीची वही, पुरवठादारांचे भाव, गिऱ्हाइकांची नावे व नंबर, आधार व पॅनचे फोटो, जीएसटीच्या खात्याची चावी, हे सारे एका हातात मावणाऱ्या डबीत आहे. आणि ही डबी आपण गाडीच्या दारात उभे राहून उघडी धरतो, लॉजच्या गल्ल्यावर चार्जिंगला लावतो, अनोळखी माणसाला “जरा एक कॉल करू द्या” म्हटल्यावर देऊनही टाकतो. नोटांचे पुडके असे कोणी दिले असते काय?

काही बंधू म्हणतील की ‘प्रायव्हसी’ वगैरे मोठ्या लोकांच्या गोष्टी आहेत, आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय? व्यापाऱ्याने तरी असे म्हणू नये. जुन्या कापड दुकानांत ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत नव्हे, तर ठरलेल्या अक्षरांत लिहीत. ती अक्षरे मालक आणि जुना मुनीम यांनाच कळत. गुरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटे दाबून सौदा होत असे, म्हणजे शेजारी उभा असलेल्यालाही भाव समजू नये. आपला भाव आणि आपले गिऱ्हाईक झाकून ठेवणे हा धंद्याचा पहिला धडा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. परंतु कायदा चोरीनंतर उपयोगी पडतो. प्रवासात राखण आपली आपणच करावयाची असते.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट पाहू. आपल्याच धंद्यातील, माहीम येथे राहणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याच्या फोनवर २७-२८ डिसेंबर २०१८ च्या रात्री सहा मिस्ड कॉल आले. जाग आल्यावर त्यांनी उलट फोन करून पाहिला, तर फोन बंद. चौकशी केली तेव्हा कंपनीने सांगितले की तुमच्याच विनंतीवरून सिम बदलण्यात आले आहे. बँकेत जाऊन पाहतात तो २८ व्यवहारांत १४ खात्यांवर १ कोटी ८६ लाख रुपये गेलेले! त्यांतील सुमारे २० लाखच तेव्हा परत मिळू शकले. कोणी तिजोरी फोडली नव्हती. चोरांनी त्यांच्या नंबरचे दुसरे सिम मिळवले, त्यामुळे बँकेचा ओटीपी चोरांच्या हातात पडू लागला.

हे गृहस्थ घरी होते. प्रवासात हाच डाव अधिक सोपा होतो, कारण फोनची रेंज गेली तर आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. कसाऱ्याच्या घाटात रेंज जाते, गुजरातच्या वाटेवर मध्येच जाते, आपण फोन खिशात टाकून डुलकी घेतो. म्हणून एक सवय लावावी : गाव आले, स्टेशन आले, शेजारच्या प्रवाशाच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला नाही, असे दिसले की ते संकट समजावे. त्याच्याच फोनवरून कंपनीला व बँकेला कळवावे. अलीकडे नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. हा दिलासा आहे खरा, पण तो एका दिवसाचाच. आणि सुरतेत फोन हरवून नवे सिम घेतले तर आपल्यालाही तो एक दिवस ओटीपीविना काढावा लागेल, हेही ध्यानात ठेवावे.

याहून पक्का उपाय म्हणजे नंबर दोन ठेवणे. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, व्हिजिटिंग कार्डावर, दलालांकडे आणि व्हॉट्सअॅपवर जो नंबर आहे, तो जगजाहीर आहे. चालू खात्याला तोच नंबर जोडणे म्हणजे तिजोरीची चावी दुकानाच्या दारावर टांगण्यासारखे आहे. बँकेसाठी वेगळा नंबर घ्यावा, तो साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून घरी किंवा दुकानात विश्वासू माणसाकडे ठेवावा आणि कोणालाही सांगू नये. प्रवासातील फोनवर दुसरे छोटे बचत खाते जोडावे, त्यात भाडे, जेवण, लॉज आणि किरकोळ नमुन्यांपुरते पैसे ठेवावेत. मोठी रक्कम दुकानातून जाईल. साधा फोन फार तर हजार-दोन हजारांत येतो. एका ठाणाच्या किमतीत मोठ्या खात्याची राखण होते.

उपनगरातल्या लोकांना दुसरा धोका सांगायला नको : लोकलच्या दारातील फटका. रुळांजवळ उभी पोरे काठीने हातावर मारतात, फोन खाली पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. अनेकांना वाटते की फोनला कुलूप आहे, मग चिंता नाही. पण चोर फोन उघडतच नाही. तो सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे सारे ओटीपी त्याला मिळू लागतात. आणखी एक सवय फार वाईट आहे. पुष्कळ लोक डेबिट कार्ड फोनच्या कव्हरमध्ये, मागच्या बाजूला ठेवतात. दुसऱ्या फोनवर यूपीआय सुरू करून नवा पिन ठरवण्यासाठी तो नंबर आणि डेबिट कार्डावरील थोडा मजकूर पुरतो, म्हणजे कुलूप व किल्ली दोन्ही एकाच फटक्यात गेल्या. कार्ड दुसऱ्या खिशात ठेवावे. सिमलाही पिन लावता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ म्हणून सोय असते. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये पिनशिवाय चालत नाही. मात्र कंपनीचा सुरुवातीचा पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला तर सिम अडकते आणि पीयूके क्रमांक मागवावा लागतो. हे काम गाडीत नव्हे, घरी बसून करावे.

मालक बाहेरगावी गेला की दुकानात मुनीम किंवा मुलगा असतो. चोराचा दुसरा दरवाजा हाच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये असेच घडले. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकांना व्हॉट्सअॅपवर संदेश आला की अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. एक कोटीहून अधिक रक्कम गेली, आणि मग कळले की पूनावालांनी असा संदेश पाठवलाच नव्हता. जगभर लस पाठवणाऱ्या कंपनीत हे होऊ शकते, तर आपल्या दोन गाळ्यांच्या दुकानाची काय कथा! फोटो तुमचा, नाव तुमचे, मजकूर “मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, पार्टीला एवढे पाठवा.” मुनीम बिचारा प्रामाणिक, शेठचा शब्द मोडायचा कसा? म्हणून निघण्यापूर्वीच त्याला मोडायची परवानगी देऊन ठेवावी. नवीन खात्यावर पैसे पाठवायचे असतील, किंवा जुन्या पार्टीने “आमचे खाते बदलले” असे कळवले असेल, तर संदेशावर एक रुपयाही जाणार नाही. ओळखीच्या जुन्या नंबरवर फोन लावून बोलल्यावरच जाईल. आता आवाजाचीही नक्कल होते, तेव्हा घरातला एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. फोन लागला नाही तर पैसे थांबतील. माल एक दिवस उशिरा निघाला तर पार्टी रागावेल, एवढेच. याच कारणासाठी आपल्या व्हॉट्सअॅपला दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावावा, नाही तर ते हिसकावून तुमच्याच नावाने गिऱ्हाइकांकडे वसुली होईल आणि तुमची पत जाईल.

लॉजवर उतरताना आधारची झेरॉक्स मागतात. आपण संपूर्ण नंबर असलेली प्रत देतो, ती रजिस्टरात महिनोन्महिने पडून असते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढता येते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तेच द्यावे, किंवा वाहन परवाना दाखवावा. काही लॉजवाले हुज्जत घालतात. शांतपणे सांगितले तर बहुतेक ऐकतात. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त निवासासाठी’ असे लिहून सही करावी.

झेरॉक्सच्या दुकानाचे मात्र कोणी बोलत नाही. परगावी बिल, ई-वे बिल किंवा तिकीट छापायचे झाले की दुकानदार म्हणतो, “या नंबरवर व्हॉट्सअॅप करा.” आपण करतो. तो कागद त्याच्या संगणकात राहतो, शेजारच्या दहा जणांच्या कागदांबरोबर, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसतो. आपल्या बिलावर पार्टीचे नाव, जीएसटी क्रमांक, भाव, मीटर, सारे असते. स्पर्धकाला आणखी काय हवे? छापून झाल्यावर तेथेच उभे राहून फाइल पुसायला सांगावे. त्यापेक्षा निघतानाच कागद घरून छापून न्यावेत. त्याच्या संगणकावर आपले व्हॉट्सअॅप जोडले असेल, तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून ते तोडल्याशिवाय दुकान सोडू नये.

मोफत वायफायबद्दल दोन शब्द. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ पासून रेलटेलचे वायफाय आले, नंतर ते पुष्कळ स्थानकांवर पसरले. त्याचे जेवढे भय घातले जाते तेवढे मला पटत नाही. बँकांचे व्यवहार आता सांकेतिक रूपातच जातात. चार्जिंगच्या सार्वजनिक केबलचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या पुस्तिकेत तिच्याविषयी सावध केले आहे, तेव्हा आपला चार्जर न्यावा म्हणजे प्रश्नच मिटला. पण माणसे केबलला भितात आणि स्वतःच्या अंगठ्याला भीत नाहीत, हे उलटे आहे. तिकिटाचा परतावा अडकला की गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतात, वर आलेला नंबर फिरवतात, समोरचा गोड बोलून एखादे अॅप घ्यायला सांगतो आणि फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. अशाच एनीडेस्क अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. आयआरसीटीसीच्या नावाचे खोटे अॅप २०२३ मध्ये फिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका म्हणून जे उघडले ते अॅप निघाले आणि जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतील तर ती पत्रिका नव्हे, बिल नव्हे, चलानही नव्हे. रेल्वेची चौकशी १३९ वर करावी.

आमच्या पिढीतील पुष्कळ व्यापारी उर्दू किंवा मराठी शाळेत शिकले. इंग्रजीत लांबलचक मजकूर आला की वाचण्याऐवजी ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतात. बहुतेक फोन मराठीत आणि उर्दूतही चालतात. भाषा बदलून घ्यावी. टॉर्चचे अॅप आपले संपर्क व एसएमएस का मागते, हे आपल्या लिपीत वाचले की लगेच खटकते.

राहिला प्रश्न स्टेटसचा. सुरतेच्या रिंग रोडवर उभे राहून “नवा माल येत आहे” असा फोटो टाकण्याची हौस आवरावी. मागे गिरणीचा शिक्का व गाळ्याचा नंबर दिसतो, आणि घरी पुरुषमाणूस नाही हेही सगळ्यांना कळते. फोटो घरी परतल्यावर टाकावा. पुरवठादाराने विश्वासाने दाखवलेले नवे डिझाइन तर मुळीच टाकू नये. ती त्याची अमानत आहे.

इतके करूनही फोन गेलाच, तर क्रम चुकवू नये. म्हणून एका कागदावर, हो कागदावरच, सिम कंपनीचा, बँकेचा आणि घरचा नंबर लिहून पाकिटात ठेवावा, कारण आता कोणालाच नंबर तोंडपाठ नसतात. प्रथम कोणाच्याही फोनवरून सिम बंद करावे, मग बँकेला कळवून खाते थांबवावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करावी; चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवीत असतो, त्यामुळे पहिला तास हातचा जाऊ देऊ नये. रेल्वे हद्दीत चोरी झाली तर रेल्वे पोलिसांचा क्रमांक १५१२ आहे. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत घेऊन ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर फोनच बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो, आजच त्या कागदावर उतरवावा. तेथेच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही पाहता येते.

बँकेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार, त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा “आधी खरेदी उरकू, सोमवारी परत जाऊन बँकेत पाहू” असे करू नये. सुरतेहूनही बँकेला ई-मेल जातो, आणि त्यावरील वेळच पुढे पुरावा म्हणून धरली जाते.