बोलावणं कुणाचं, ते आधी पाहा

प्रश्न : माझी भाची नर्सिंग पूर्ण करून इथल्याच एका रुग्णालयात नोकरी करते. वर्षभर परदेशात स्वयंसेविका म्हणून जायचं तिच्या मनात आहे. घरात कुणालाच ते पटत नाही. ‘सेवाच करायची तर इथे काय कमी आहे?’ असं सगळे म्हणतात. आपल्या मराठी माणसांपैकी पूर्वी कुणी असं घर सोडून गेलं आहे का? आणि पाठवायचं झालं तर काय पाहावं?
– एक वाचक, लालबाग, बुऱ्हाणपूर

उत्तर : गेलं आहे, आणि तेही भर युद्धात. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. जखमींवर उपचार करायला डॉक्टर पुरेनात, तेव्हा चिनी सेनानी जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला हाक दिली, वर्गणी जमली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. पथकप्रमुख डॉ. अटल, त्यांच्यासोबत बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. उरलेले दोघं मराठी : नागपूरचे प्रौढ वयाचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

कोटणीस तेव्हा मुंबईत पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. त्यांच्या घरच्यांना चीन म्हणजे रेशमी कापड विकायला येणारे फेरीवाले, एवढीच काय ती ओळख. वडिलांनी पाठबळ दिलं. मुलगा इतक्या लांब चालला म्हणून आईचा जीव तुटला. तुमच्या घरात आज जे चाललं आहे, ते त्या घरानेही सोसलं आहे. पुढे वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते काम सोडून परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत तिथल्या मुलांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

‘इथे काय कमी आहे?’ हा घरच्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. १९३८ चा हिंदुस्थान तर परतंत्र आणि गरीब होता. कोटणीसांनाही हेच विचारता आलं असतं. पण ते गेले, कारण समोरून मागणी आली होती आणि मागितलेलं काम त्यांना येत होतं. भाचीच्या बाबतीतही मी आधी हेच पाहीन. तिथल्या लोकांनी नर्स मागितली आहे का? की इथल्या कुणा दलालाला गिऱ्हाईक हवं आहे?

हे ओळखायला एक खूण पुरते. स्वयंसेवकाकडूनच भरमसाट पैसे घेऊन पंधरा-वीस दिवस अनाथाश्रमात नाहीतर दवाखान्यात नेऊन आणणारे पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी मुलीला पाठवू नका, असं मी स्पष्टच सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली स्थापन झाला. तो अर्जासाठी किंवा निवडीसाठी एक पैसाही घेत नाही, उलट निर्वाहभत्ता, प्रवासखर्च आणि विमा देतो. १९७१ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था परिचारिकांनाही घेते, मात्र कामाचा साधारण दोन वर्षांचा अनुभव मागते. म्हणजे भाचीची आजची नोकरी हीच तिची तयारी आहे. ती घाईने सोडू नये.

संस्थेकडून काम, मुदत, राहण्याची सोय, विमा आणि अडचण आल्यास परत आणण्याची जबाबदारी लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर काम करायला कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. अनेक देशांत तो गुन्हा ठरतो. पासपोर्टचा अर्ज आताच करून ठेवावा. आपल्या भागाचं विभागीय कार्यालय भोपाळला आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जायचं तर पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकिटाआधी लस.

एवढं सगळं नीट जमत असेल तर ताईंना आणि भावजींना माझा निरोप सांगा : मुलीला अडवू नका. अर्ज भरताना तिच्या शेजारी बसा.