ट्रॉलीच्या मागचं रेडियम : काढणीच्या दिवसांतला धडा



सोयाबीन निघतंय, पाठोपाठ कापसाची वेचणी. हिमायतनगरहून भोकरकडं, किनवटकडं आता रात्री उशिरापर्यंत ट्रॉल्या चालणार. म्हणून आज फवारणीचा नाही, रस्त्याचा विषय.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले, आणि शंभरातले ४४ जण दुचाकीवरचे. शहरात गर्दी दिसते, पण जीव जास्त आपल्याकडच्या मोकळ्या रोडवर जातात.

*मागून धडक का बसते?*
अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागानं यावर काम केलं. मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतो, पण तो किती हळू चाललाय हे वेळेत कळत नाही, हे दुखणं. प्रा. केनेथ हार्कनेस आणि सहकाऱ्यांनी निरनिराळे आकार, रंग तपासून १९६२ मध्ये एक खूण पुढं आणली : मधे भडक नारिंगी त्रिकोण, कडेनं चमकणारी लाल पट्टी. दिवसा नारिंगी उठून दिसतो, रात्री लाइट पडला की लाल कडा. पुढं ही खूण अनेक देशांत ट्रॅक्टरमागं आली.

आता आपला हिशोब करा. मोटारसायकल ताशी ६० नं येतेय, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर बिगर-लाइटची ट्रॉली उभी. डिपर लाइटमध्ये ती दिसली ४० मीटरवर. दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर तिथंच संपले. पुढं गाडी थांबायला कोरड्या डांबरावरही अजून २०-२५ मीटर लागतात. धडक ठरलेली. पोरगं हुशार असो की नसो, ब्रेक नवे असोत की जुने. तीच ट्रॉली रेडियममुळं दीडशे मीटरवरून चमकली, तर आरामात थांबता येतं. अमेरिकेत मोठ्या ट्रेलरवर अशी पट्टी लावल्यावर अंधाऱ्या रोडवर बाजूनं आणि मागून बसणाऱ्या धडका ४१ टक्के कमी झाल्याचं तिथल्या सरकारी अभ्यासात २००१ मध्ये दिसलं.

*पट्टी कशी लावायची*
मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. फक्त फाळक्यावर लावून भागत नाही. फाळका खाली सोडला की पट्टी झाकते, म्हणून खालच्या चासीवरही लावा. कापूस फुगून बाहेर लोंबतो, तोही पट्टी झाकतो. निघायच्या आधी फडक्यानं चिखल पुसा. बैलगाडीच्या मागच्या लाकडालाही लावा, बैलगाडीला तर लाइटच नसतो.

ट्रॉली पंक्चर झाली तर शक्यतो डांबरावरून खाली घ्या. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. आपल्याकडं दगड तसेच सोडून जायची सवय आहे, आणि रात्री त्यावर दुसऱ्याचीच दुचाकी पडते.

*माणसं ट्रॉलीत नकोत*
४ एप्रिल २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात, हळदीच्या कामाला मजूर बायांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात बाया गेल्या. ट्रॉली माल वाहायला असते. तिला धरायला काही नाही, उलटली तर माणूस खाली येतो. मजुरांना ऑटो किंवा जीप परवडत नाही असं म्हणतात. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून भाडं वाटून घेतलं तर परवडतं. ते जमेपर्यंत निदान शिवारातल्या बिगर-कठड्याच्या विहिरीजवळून ट्रॉली नेऊ नका, आणि विहीर आपली असेल तर भोवती काटेरी तार तरी ओढा.

दुचाकीवाल्यांसाठी एकच : हेल्मेट. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा, की हेल्मेटमुळं मरणाचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. बाजाराला जाताना मागं बसलेल्या मंडळींनाही द्या.

*अपघात दिसला तर*
१०८ लावा, किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या फाट्याचं नाव सांगा. पोलिसांच्या झंझटीला भिऊन पुढं जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणं मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून जखमीला नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार मिळायची केंद्राची योजना लागू आहे. भरती करतानाच ती विचारा.