मापाचा जबडा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. अंगठी घडवण्याआधी कारागीर बोटाचे माप घेतो. एकाची अंगठी दुसऱ्याला नीट बसत नाही. मग जबड्याचे हाड कसे बसेल?

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. लोक या आजाराला 'काळी बुरशी' म्हणत. ही बुरशी नाकातून शिरून जबडा, डोळा आणि मेंदूपर्यंत पसरते. ज्यांच्या रक्तातील साखर फार वाढलेली असते, त्यांना तिचा धोका अधिक असतो. जीव वाचवण्यासाठी शल्यचिकित्सकांना अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला.

जीव वाचला, पण नवी अडचण उभी राहिली. टाळूला भोक पडले. घास चावता येईना. प्यालेले पाणी नाकातून बाहेर येई. बोललेले शब्द घरच्यांनाही कळत नसत. सांगा, चारचौघांत जेवायला ज्याला संकोच वाटतो, तो पूर्ण बरा झाला असे म्हणता येईल का?

अशा वेळी दंतवैद्य तोंडाचे माप घेऊन टाळू झाकणारी कवळी बनवतात. ही पद्धत जुनी, कमी खर्चाची आणि आजही उपयोगी आहे. पण हाडच नसेल, तर कवळीला आधार कशाचा? येथे त्रिमितीय मुद्रण, म्हणजे थ्री-डी प्रिंटिंग, मदतीला येते. अमेरिकेतील चक हल यांना अशा मुद्रणाच्या एका पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले.

प्रथम रुग्णाचे सी.टी. स्कॅन करतात. त्यावरून संगणकावर कवटीची आकृती तयार होते व हरवलेल्या भागाचा आराखडा काढतात. मग यंत्र टायटॅनियम धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरते. लेसर किरण हवी तेवढीच भुकटी वितळवून जोडतात. थरावर थर चढून त्याच रुग्णाच्या मापाचा भाग तयार होतो. शल्यचिकित्सक तो शिल्लक हाडाला स्क्रूने बसवतात. त्यावर दात लावतात. टायटॅनियम गंजत नाही आणि शरीर त्याला सहसा स्वीकारते. काळ्या बुरशीच्या काही रुग्णांना भारतात असे जबडे बसवले गेले.

मित्रांनो, यंत्र भाग घडवते, पण तो बसवायला कुशल हातच लागतात. माणूस पुन्हा सर्वांबरोबर जेवू लागला, बोलू लागला, की उपचार खऱ्या अर्थाने पूर्ण होतो.

शब्दार्थ
शल्यचिकित्सक – ऑपरेशन करणारा डॉक्टर, सर्जन
टाळू – तोंडाच्या आतील वरचा भाग, तालू
भुकटी – बारीक पूड, सफूफ

स्वाध्याय
१. जबडा काढल्यावर रुग्णाला कोणत्या अडचणी येतात?
२. मापाचा जबडा कसा तयार होतो, ते क्रमाने लिहा.